खालच्या आजींच्या नावावर
कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला की जर्मनीतल्या कार्ल्सरूहेतलं मुलाचं घर आठवतं. बाहेर बर्फ, खिडक्या बंद, आणि एका इंग्लिश रॉक बँडची पहिलीवहिली रेकॉर्ड दिवसभर किंचाळत होती. मला ना भाषा येत होती, ना कुठे जाता येत होतं. शेवटी मी खोटंच म्हणालो, "अरे, खालच्या आजी झाडूने छत ठोकतायत." तिथे रविवारी आवाज चालत नाही, आणि त्या दिवशी रविवारच होता; मुलगा घाबरून चकल्यांची बशी घेऊन माफी मागायला गेला. परत येऊन म्हणाला, "बाबा, आजी म्हणतात, मी कुठे ठोकलं? छान वाजतंय की!" मी म्हणालो, "विसरल्या असतील." त्याने रेकॉर्ड कोऱ्या पुठ्ठ्याच्या पाकिटात घातली. आज कबूल करतो, तक्रार माझीच होती. त्याला ते तेव्हाच कळलं असावं. माझ्यासमोर त्याने पुन्हा कधी गाणं लावलं नाही.