ठरावानंतरची पंगत

केशोरीकडच्या गावांत यादोरावांना लोक ‘सभावाले’ म्हणत. माणूस साधा, धान पिकवून खाणारा. पण डोक्यात एकच खूळ होतं, जातीच्या दंडाची पंगत बंद झाली पाहिजे. गोठ्यात बांधलेली गाय गळ्यात दावं असताना मेली की मालकाला पाप लागे आणि सगळं घर जातीबाहेर पडे. साऱ्या जातभाईंना जेवू घातलं की मग पुन्हा आत. गाय साप चावून मरो की म्हातारपणाने, गळ्यात दावं होतं ना, मग झालं! यादोरावांच्या थोरल्या भावाने या पंगतीपायी दोन्ही बैल विकले, शेत पडीक टाकलं आणि तो बालाघाटकडे खाणीत गेला. तिकडेच वारला.

तेव्हापासून यादोरावांनी गावोगाव पायपीट केली. जातीबाहेर पडलेल्यांच्या घरी ते मुद्दाम जाऊन जेवत. पंचांनी त्यांना वाळीत टाकून पाहिलं, मग कंटाळून नाद सोडला. उमेदीची सगळी वर्षं अशी गेली, गुडघे गेले, बायको बोलायची थांबली. शेवटी सन छत्तिसात अर्जुनीच्या जातसभेत ठराव झाला की पंगत बंद, पंचांपुढे नारळ ठेवला की पुरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यादोराव त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, सुटलं एकदाचं.

डोंबलाचं सुटलं! पुढच्याच वर्षी बकारामची गाय दाव्यात अडकून मेली. बकाराम यादोरावांच्या शेजारचाच. त्याने ठरावाप्रमाणे नारळ ठेवला, पंचांनी फोडून खाल्ला आणि सांगितलं, आलात जातीत. पण रोवणीला त्याच्या बांधीत धानाची रोपं लावायला एक बाई उतरली नाही. त्याच्या दारात कोणी पाण्याचा पेला तोंडाला लावेना. लेक सेवंताची सोयरीक तिरोड्याकडे जवळजवळ ठरली होती. तिकडून पाहुणे आले, ओसरीवर बसले आणि पाणीही न पिता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी बकारामची बायको सुलोचनाबाई यादोरावांकडे आली.

“यादोभाऊ, पाहुने पुसून गेले, तुमच्या घरी कोन कोन जेवलं? काय सांगू मी? नारळ पंचायनं खाल्ला. माह्या चुलीवरचा घास कोनाच्या पोटात गेला नाई. मंग मी जातीत आली कशी?”

यादोराव तडक मोठे पंच भैयाजी यांच्याकडे गेले.

“भैयाजी, ठराव झाला ना?”

“झाला ना. आमी कुठं नाई मनून रायलो?”

“मंग बकारामच्या घरी पानी काऊन नाई पित?”

“बिना जेवनाचं पानी कसं प्याचं, यादो? बैलही वाचवाचे अन् जातही? असं कुठं असते?”

भैयाजी हे सगळं अगदी मायेने बोलत होते. यादोरावांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ते बकारामच्या घरी पाटावर बसून सगळ्या गल्लीला दिसेल असे जेवले. निरोप तिरोड्याला गेला. उलट निरोप आला, तो सभावाला ना? तो तर कोणाच्याही घरी खातो, त्याच्या खाण्याला काय धरायचं?

हे ऐकून यादोरावांच्या ध्यानात आलं. जन्मभर सगळ्यांच्या घरी जेवल्यामुळे त्यांच्या जेवणाची पतच गेली होती. आणि पंगत बंद करताना त्यांनी लोकांचं परत येण्याचं दारच बंद केलं होतं. दुसरं दार उघडायचं सुचलं नाही. नारळ म्हणजे दार, असं त्यांना आपलं वाटलं होतं.

शेवटी पंगतीसाठी बकारामने एक बैल विकला. जातीबाहेरच्या घराचं आवतन त्या घरच्याने द्यायचं नसतं, जातीतल्या कोणीतरी दारोदार फिरून द्यावं लागतं. बकारामसाठी पुढे होणारा दुसरा कोण होता? यादोराव काठी टेकत घरोघर गेले. “उद्या बकारामच्या घरी जेवाले या.” काही हसले, काहींनी खाली पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, “शेवटी आलास ना ताळ्यावर?” यादोरावांनी ऐकून घेतलं आणि पुढचं दार गाठलं.

पंगतीला सगळे आले, तिरोड्याचे पाहुणेसुद्धा. पोटभर भात, वरण, वांग्याची भाजी. बाया सेवंताची हनुवटी धरून कौतुक करत होत्या. रोवणीला न आलेल्या त्याच बाया, आणि खोटं काही नव्हतं हो त्यांच्या कौतुकात! सुलोचनाबाई भात वाढत यादोरावांपाशी आली. तिचे डोळे भरले होते.

“आज आली भाऊ मी जातीत. तुमच्यामुळं.”

यादोरावांना पानावरून उठून जावंसं वाटलं. पण समोर तिरोड्याचे पाहुणे बसले होते, आणि एकाही पानावर अन्न टाकलेलं दिसलं असतं तर सेवंताच्या नावाने पुन्हा बोलणं निघालं असतं. त्यांनी पान पुसून खाल्लं, आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात आणखी भात मागितला.