बांधावरचा दुसरा माणूस

आमच्या सातारा-सांगलीकडं रानात स्टँड लावून बसलेल्या माणसाला कुणी चित्रकार समजत नाही. मोजणीवाला समजतात. नाहीतर टॉवरवाला, पवनचक्कीवाला, नाहीतर रस्त्यात कुणाची जमीन जाणार हे गुपचूप बघायला आलेला. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर कराडहून स्कूटर काढून रानं रंगवत हिंडतो, पण "वा, काय सुंदर!" म्हणत अजून कुणी जवळ आलेलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठनं आलाय?" आणि दुसरा, "कुणी धाडलंय?"

मला राग येतो. पण संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. ट्यूबमधल्या हिरव्या रंगावर माझा काडीचा विश्वास नाही. तो प्लास्टिकच्या बादलीचा हिरवा, आपल्याकडच्या कुठल्या रानात उगवतो दाखवा! म्हणून माझ्या पेटीत हिरवा नसतोच. पिवळा, काळा, तांबडा, थोडा निळा आणि पांढरा, एवढंच घेऊन जायचं आणि बाकीचं तिथं बसून कालवायचं.

गेल्या थंडीत रहिमतपूरच्या अलीकडं एक रान घावलं. ऊस तुटून गेलेला, नांगरट झालेली, बांधावर एकच कडुलिंब. लोक म्हणतात माती काळी. नुसती काळी कुठं असते? उन्हाच्या अंगाला तपकिरी, सरीच्या सावलीत जांभळट. ती कालवण्यात मी गुंग होतो, तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं.

वळून बघतो तर साठीतला, ताठ, मिशीवाला गडी. अंगात लष्करातली हिरवी जर्सी, कोपरावर रफू केलेली. फौजी आहे हे विचारायची गरजच नव्हती. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्टँडच्या पायांकडं, मग स्कूटरच्या नंबराकडं.

"कुणाची मोजणी?"

"मोजणी नाही हो. चित्र काढतोय."

"हितलंच? दुसरं रान घावलं न्हाई व्हय?"

जागा आवडली म्हणून सांगितलं. ते काही त्याला पटलं नाही. वाकून त्यानं माझी पेटी तपासली, नाक्यावर गाडी तपासतात तशी. "ह्यात हिरवा कुठाय?"

"पिवळ्यात काळा घातला की हिरवा होतो."

"काय राव, चेष्टा करताय म्हाताऱ्याची! काळं घातल्यावर काळंच हुणार की."

थांबा म्हटलं. पिवळ्यात सुरीच्या टोकावर मावेल एवढा काळा घेतला आणि कालवला. हिरवा उतरायला लागला तसा तो खाली बसला. जर्सीची बाही पॅलेटजवळ धरून म्हणाला, "ह्यो न्हवं. आजून मळका पायजे." मी त्यात तांबड्याचा कण टाकला. बाही कुठली आणि रंग कुठला, कळेना. तेव्हा कुठं मिशीखाली हसू आलं. "आयला! मिल्ट्रीच्या कॅन्टीनला न जाताच जर्शी मिळाली की," असं म्हणत तो जाऊन लिंबाखाली बसला.

रंग पॅलेटवर होताच. मातीच्या ओल्या रंगावरच एक फटकारा मारला. झाला लिंबाखाली बसलेला माणूस. ऊन चढल्यावर मी सामान आवरलं. निघताना त्यानं बसल्या जागेवरनं हात वर केला.

घरी येऊन चित्र भिंतीला लावलं, तर सगळा भार डावीकडं. उजवी बाजू ओकीबोकी. रंग वाळल्यावर पुढं कधीतरी मी बांधाच्या उजव्या टोकाला पांढऱ्याचा एक ठिपका दिला. सदरा-टोपीतला उभा माणूस. अशी माणसं मी पुष्कळदा उभी करतो. त्यांना ना नाव असतं ना गाव, तोल सांभाळायला ती बिचारी उभी राहतात.

उन्हाळ्यात सांगलीत प्रदर्शन भरवलं. तिथं तिशीतला एकजण त्या चित्रापुढनं हलेचना. "हे कुठलं रान?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. झटकन मोबाइल काढून त्यानं फोटो घेतला, दोन बोटांनी ताणून मोठा केला, परत घेतला. मला वाटलं, झालं! हा आता माझं चित्र कॅलेंडरवर छापून विकणार. "विचारून काढावा माणसानं फोटो," मी फटकारलं. मोबाइल खिशात घालून तो निघून गेला, आणि माझा संशय पक्का झाला.

त्यानंतर एका दुपारी तोच माणूस कराडला माझ्या दारात. बरोबर त्याची मामी, डोक्यावरनं पदर घेतलेली वयस्क बाई. आणि फाटकाबाहेर, भर उन्हात, पांढरा सदरा आणि टोपी घातलेला एक गृहस्थ मोटरसायकलला टेकून उभा. त्याला आत बोलवायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्येस्नी भाईरच."

मग भाच्यानं सगळं सांगितलं. जर्सीवाला फौजी त्याचा मामा. चित्राच्या कोपऱ्यात मी घातलेली तारीख होती, त्याच दिवशी दुपारी तो लिंबाखाली मेलेला सापडला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पण तो बांध दोघा भावांच्या भांडणाचा होता. धाकट्यानं बांध कोरून आपलं रान वाढवलं म्हणून कैक वर्षं कुरबुर चाललेली. त्या सकाळी धाकटा रानात गेला, भांडण उकरून काढलं आणि थोरल्याला ते सोसलं नाही, असं अर्ध्या गावाचं म्हणणं. धाकटा, म्हणजे फाटकाबाहेर उभा होता तोच, म्हणत होता, मी त्या दिवशी साताऱ्याला होतो. बाईंनी दिराला नवऱ्याच्या तेराव्यालाही उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि आता चित्रात बांधावर पांढरा सदरा.

"त्या दिवशी तिथं तुमीच व्हता," बाई म्हणाल्या. "ह्यो पांढरा कोन, तेवढं सांगा. लपवू नगा."

"कुणी नाही, ताई. तो मी मनानं घातलाय."

भाचा हसला. ते हसू मला मिरचीसारखं झोंबलं. "बाहेरचे भेटून गेले वाटतं आधीच?" तो म्हणाला.

"तोंड सांभाळून बोल!" मी ओरडलो. "ह्या घरात पैसे घेऊन चित्र बदलत नाहीत."

बाई भिंतीवरच्या चित्राकडं बघत म्हणाल्या, "येकाच चित्रात बसल्यालं खरं, आन् हुबं ऱ्हायल्यालं खोटं, व्हय?"

 खरं सांगू, त्या क्षणी माझीच मला खात्री वाटेना. मी सामान आवरत होतो तेव्हा बांधाच्या टोकाला कुणी आलं होतं का? पांढरा ठिपका मी घरीच दिला ना? की तिथंच दिला आणि घरी दिल्याचं मनानं धरलं? महिने उलटले होते. स्वतःच्या डोक्यावर किती भरवसा ठेवायचा?

मग रंग आठवला. मी म्हटलं, "ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. रंगावर ठेवा. तिथं बसून रंगवलेलं सगळं ओल्यात ओलं असतं, एकमेकांत कालवतं. घरी घातलेलं वाळलेल्यावर बसतं. पांढरा तिथला असेल तर मातीत मिसळलेला निघेल. मग तुमचा संशय खरा."

चित्र टेबलावर आडवं ठेवलं. बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून ठिपक्यावर दाबला आणि सुरी हातात घेतली.  फाटकाबाहेरच्या माणसाची उरलेली जिंदगी त्या सुरीच्या टोकावर होती, आणि खाली काय निघेल हे मलाही माहीत नव्हतं.

कड उचलली. ठिपका सबंध सुटून आला, पोळीवरचा पापुद्रा सुटावा तसा. खाली सऱ्या जशाच्या तशा, तपकिरी, जांभळट, कुठं न तुटलेल्या. तिथं कुणीही उभं नव्हतं. 

"मामी, नंतर आठवून काढला असंल," भाचा म्हणाला.

बाईंनी त्याला हातानं गप्प केलं. त्यांचं बोट लिंबाखाली होतं. "ह्येंची जर्शी लय बरूबर उतरलीया. कशी ओ?"

मी सगळं सांगितलं. पिवळ्यात काळा, मळका हवा म्हणून हट्ट, पॅलेटजवळ धरलेली बाही, कॅन्टीन. ऐकता ऐकता त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "आसंच बोलायचं. समद्यास्नी तपासल्याबिगर सोडायचं न्हाई. म्हंजी त्या दिवशी रागात नव्हतं?"

"अजिबात नाही, ताई. हसत होते."

त्यांनी चित्र जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "आता ह्यो काढून बघा."

मी बोळा ठेवला आणि सुरी अगदी हळू लावली. हिरवा सुटेना. माती त्याच्यात शिरलेली, तो मातीत. "निघणार नाही हा," मी म्हटलं. "काढायचा तर रानासकट खरवडावा लागेल."

"ऱ्हाऊ द्या मग. ऱ्हाऊ द्या त्येस्नी तिथंच."

त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. फाटकाबाहेरचा माणूस घाम पुसत होता.

"भावजी," त्यांनी हाक मारली, "उन्हात का हुबं ऱ्हायलाय? आत या."

तो जागच्या जागी थिजला. खरंच आपल्यालाच म्हणतात का, असं त्यानं मागं वळून बघितलं. मग आला, दारात चपला काढल्या. वहिनीकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही. टेबलावरच्या चित्रावर वाकून तो लिंबाखाली बघत राहिला.

"दादाची जर्शी," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.