आत्यानं लिहिलेली सुमन

मी एकदा आत्याचं सगळं लिहिलेलं पुसून टाकलं होतं.

आज सकाळी आत्या गेली, म्हणून सांगून टाकते. घरात आजवर कुणालाच माहीत नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात आत्याचं निलंग्याजवळचं घर बसलं. तिचे यजमान गेले आणि नऊ वर्षांची लेक सुमन गेली. माझ्याच वयाची.
माझे वडील, अण्णा, आत्याला लातूरला आमच्याकडे घेऊन आले. ती कायमची राहिली.

माझ्या बारावीच्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला. गल्लीतला पहिला.
अण्णा शाळेत मास्तर, पण लातुरात तेव्हा हवाच तशी होती. पहाटे ट्युशन, मग कॉलेज, मग परत ट्युशन. कॉम्प्युटर माझ्या मेडिकलच्या सीईटीसाठी होता.

वापरला मात्र जास्त आत्यानं.

मी ट्युशनला गेले की ती बसायची. सातवी शिकलेली. मराठी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून एका बोटानं टाईप करायची.
काय लिहिते, मी कधी विचारलं नाही. वाटायचं, देवाचं काहीतरी असेल.

परीक्षेला दोन महिने राहिले आणि व्हायरस आला. मला प्रश्नसंचाची सीडी लावायची घाई. मी सरळ फॉरमॅट मारलं.

दुपारी आत्या बसली. बराच वेळ माउस हलवत राहिली. मग हळूच विचारलं, सुमनचं लिहिलेलं कुठं गेलं?

तेव्हा मला कळलं. सुमनचा एकही फोटो राहिला नव्हता. आत्या इतके महिने तिच्याबद्दल लिहीत होती.

मला रडूच फुटलं. तिनं जवळ घेतलं.
"रडू नको. मला समदं ध्यानात हाय. मी सांगते, तू लिही. तुझी बोटं लई भरभर चालतात."

मग रोज तासभर ती सांगायची, मी टाईप करायची.
सुमन भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची. तिला सतराचा पाढा यायचा नाही. सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा तिला माझा निळा फ्रॉक घालायचा होता आणि मी दिला नव्हता.

माझी बोटं थांबली. हे पण लिहू का, मी विचारलं.
"लिही. झालेलंच हाय ना."

मी लिहिलं.

सीईटीला मार्क कमी पडले. मेडिकल हुकलं. अण्णा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आत्या त्यांना सगळं सांगायला निघाली होती, मीच अडवलं.
पुढं बी.एस्सी. करून मी शाळेत लागले. बरं चाललंय.

पण आपल्यामुळं पोरीचं डॉक्टर होणं राहिलं, हे आत्याच्या मनातून कधी गेलं नाही.

परवा दवाखान्यात तिनं परत तेच काढलं.
मी म्हटलं, "आत्या, त्या दोन महिन्यांत मला सुमन कळली. नाहीतर मी तिला विसरूनच गेले असते."

 तिनं माझा हात नर्स येईपर्यंत सोडला नाही.

अंत्यविधी आज दुपारी लातूरलाच आहे.

आत्या, तुला माझा शेवटचा नमस्कार.