वैनीचे पाव्हणे

२००४ साली मी पंचावन्न वर्षांचा होतो, आणि पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, मला शिकवणारं अजून कोणी जन्मलं नाही, असं दारव्ह्याच्या बाजारात उभ्यानं सांगत असे. त्याच साली माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, कमलवैनीनं, शेतातली फवारणी बंद केली. ही वैनी गेल्या महिन्यात गेली. तिच्या पोराचा फोन आला तेव्हा मी आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावर होतो... फोन ठेवला तरी तिच्याच शेताकडं बघत राहिलो.

भाऊ लवकर वारला, शेत तिनंच केलं. गावात शेतीशाळा भरायची, तिथं बाया मागं बसत, ही पुढं बसली. तिथून आली आणि पऱ्हाटीत मधेमधे चवळीच्या ओळी टाकल्या. चवळीवर मावा ही रस शोषणारी बारीक कीड येते, हे लेकरालाही ठाऊक. वैनीनं यंदा मावा पेरला, असं मी गावभर सांगितलं. ती म्हणाली, हो, पाव्हण्यांसाठी. पाव्हणे म्हणजे ढालकिडे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. मावा हेच त्यांचं जेवण. चवळीवर जेवून ते पऱ्हाटी राखायला जातात, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी गावाला औषधाचाच वास होता. कीड मरत नसे, मारणाराच चक्कर येऊन पडे. एका सकाळी मी पंप पाठीवर घेतला, तर वैनी धुऱ्यावर उभी. वारा तिच्या शेताकडं होता.

"भाऊजी, माह्या पाव्हण्यायच्या ताटात जहर कायले कालवता? पोळ्यापावतर थांबा. नाही जमलं त माहं वावर बी तुमीच फवारा."

मी पंप उतरवला. पटलं म्हणून नाही, पोळ्याला तिचं वावर मीच फवारणार या हौसेनं.

मावा वाढला, पानं चिकट झाली, घरचे बोलू लागले. पण शब्द दिला तो दिला. मग पानांवर मगरीच्या पिल्लासारख्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या. नवीच कीड समजून मी सकाळभर बोटांनी चिरडत सुटलो. वैनीनं ते पाहिलं आणि खालीच बसली, हसून हसून.

"भाऊजी, ढालकिड्यायचेच लेकरं होत ते."

मी म्हटलं, मग तोंड मायबापावर जायला नको का? ती आणखी हसली. मग आपल्या शेतातली पानं किड्यांसकट पदरात घेऊन आली. मी नको म्हणत होतो. विरजणाला कोणी नाही म्हणतं का, असं म्हणून तिनं ती माझ्या झाडांवर सोडली. पोळ्याला माझ्या पऱ्हाटीत मावा शोधावा लागत होता. हरलो असं मी कधी म्हटलं नाही, तिनंही म्हणवून घेतलं नाही. पण त्यानंतर दोन्ही शेतांत पंप शिरला नाही.

तेरवीला तिचा पोरगा म्हणाला, काका, मी पडलो पुण्याला, वावर मक्त्यानं कसायला देतो, घेणारा उद्याच फवारणी करणार आहे. एवढ्या वर्षांचं तिचं राखलेलं, एका सकाळीत जाणार...

"मक्ता मले दे," मी म्हणालो.

"या वयात झेपन काय, काका?"

"तुह्या मायनं माहं वय कधी इचारलं नाही."

त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीवाला पंप भरूनच आला. त्याला चहा पाजला आणि वापस पाठवला. वैनीच्या ओळींत गवत माजलं होतं. निंदण बायांचं काम म्हणून मी जन्मात केलं नव्हतं. विळा घेतला आणि तिच्या पहिल्या ओळीत बसलो.