लाल दोऱ्याची गुंडाळी

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी कडेवर पोरं घेऊन आलेल्या, न्हावी एकाची अर्धी दाढी तशीच सोडून आलेला, आणि तो अर्ध्या दाढीचाही फेसासकट त्याच्या मागोमाग. मधोमध चटईवर ओल्या गोणपाटाच्या दोन गुंडाळ्या. लाल दोऱ्याची मोठ्या वहिनींची, पांढऱ्या दोऱ्याची त्यांच्या दिराची. प्रत्येकीत मोड यायला ठेवलेले ज्वारीचे मोजून शंभर दाणे.

वहिनी लाल दोऱ्यावर नजर लावून उभ्या होत्या. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सतरा वर्षं पेरणी, खुरपणी, कापणी वहिनींच्या हातांनी. काय पेरायचं ते मात्र दीर ठरवणार. गेल्या वर्षी त्याने सगळीकडे एकच पीक घेतलं, त्यावर कीड पडली आणि नवं धान्य यायला दोन महिने असतानाच कणगी रिकामी झाली. तेव्हा वहिनींनी हट्ट धरला, खालचं शेत माझ्या हाती द्या, ज्वारीत तूर, मूग, चवळी मिसळून पेरते. एक गेलं तरी तीन ताटात येतील.

बियाणं त्यांनी मडक्यात, चुलीच्या राखेत घोळून ठेवलं होतं. दिराने त्याच राशीतलं घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलेलं.

"राखेने भांडी घासतात, वहिनी," तो हसला होता. "माझ्या पिशवीत हवासुद्धा शिरत नाही."

"मग होऊन जाऊ दे," सासरे म्हणाले होते. "ज्याचे दाणे जास्त उगवतील, खालच्या शेतात त्याचा शब्द चालेल."

सासऱ्यांनी आधी पांढरा दोरा सोडला. मोड मोजले. एकतीस. बाकीचे दाणे तापल्या पत्र्याखाली, बंद पिशवीत घामेजून काळे पडलेले. मग लाल दोरा सुटला आणि शेजारणींच्या माना एकदम पुढे आल्या. गोणपाटावर पांढऱ्या मोडांचं नुसतं रान माजलं होतं. चौऱ्याण्णव.

"माझ्या गुंडाळीला पाणीच मिळालं नसेल," दीर पुटपुटला.

"कसं मिळेल?" त्याची बायको, घरातली धाकटी, पदर खोचत पुढे आली. "पहिल्या दिवसानंतर तुम्ही फिरकलात कुठे? जाऊबाईच रोज दोन्ही भिजवत होत्या. नाहीतर एकतीस तरी दिसले असते का?"

अंगणभर हशा पिकला. अर्ध्या दाढीचा सगळ्यांत मोठ्याने हसला.

"खालचं शेत मोठीच्या शब्दाचं," सासरे म्हणाले.

वहिनींना वाटलं, आत्ताच जाऊन त्या मातीत हात घालावेत. तेवढ्यात दीर जवळ आला. डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, तुमच्या मडक्यातलं वरच्या शेतापुरतं उरेल का?"

"उरेल की. पण काय पेरायचं ते बसून ठरवायचं. आपण सगळे. धाकटीसुद्धा."

धाकटी तिथे नव्हतीच. ती आत पलंगाखालून वहिनींच्या बियाण्याचं मडकं ओढत होती.