कोटाच्या पाठीवरचा पंख

गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की माप टेलरकाकांच्या डोळ्यात. टेप आपली गळ्यात शोभेला. पण दोन वर्षांपूर्वी त्याच डोळ्यांनी घात केला. काकांनी दुर्मिळ गरुड पाहिल्याची दवंडी पिटली, पक्षीमंडळाची माणसं दुर्बिणी घेऊन धावत आली, आणि निघाली रोजचीच घार, पिसं झडलेली! काकांनी आधी पुस्तक पाहिलं होतं, मग पक्षी. पुस्तकातलं सगळं त्या बिचारीच्या अंगावर दिसलं. तेव्हापासून ते ‘गरुडकाका’. वरवर हसायचे, पण मंडळात पाऊल टाकेनात. फार लागलं होतं त्यांना.

आज कोटाचं काळं कापड बेतताना समोरच्या पाण्याच्या टाकीवरून एक शिक्रा उडाला. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी तसा नेहमीचा. पण ह्याचे पंख जास्तच टोकदार, टोकं काळी.

“अगं, पुस्तक दे!”

काज करत बसलेल्या काकूंनी पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर ठाण मांडलं. “आधी लिहा. मागच्यासारखी शोभा नको.”

“कागद कुठंय?”

“हातात खडू आहे ना?”

पक्षी घिरट्या घालत होता. काकांनी कोटाच्या पाठीवरच पंख काढला. शिक्र्याच्या पंखाच्या टोकाला पाच पिसं बोटांसारखी सुटी दिसतात, इथे चारच. तीनदा मोजली. खाली वेळ घातली.

“डोळ्याचा रंग?” काकूंनी विचारलं.

लाल म्हणायचा काकांना भारी मोह झाला. “दिसला नाही.”

“मग तसं लिहा.”

काकूंनी मोबाइलवर काढलेल्या फोटोत आभाळ आणि एक ठिपका तेवढा आला. मंडळाकडे ठिपका गेला, कोटाच्या पाठीचा फोटोही गेला. पक्ष्याच्या नावाचा रकाना मात्र कोरा. पुस्तक काकूंनी कपाटात घालून कुलूप लावलं. कोटवाल्याला काका रोज ‘उद्या या’ म्हणत राहिले. खडू झटकायचा त्यांना धीर होईना.

नवव्या दिवशी मंडळाच्या बाई जिना चढून आल्या. गरुडाची घार ह्यांनीच ठरवली होती. 

“हा आपल्याकडचा शिक्राच नव्हे,” बाई म्हणाल्या. “त्याचा भाऊबंद आहे, हजारो मैलांवरचा. इथली ही पहिलीच नोंद. फोटोवरून काहीच कळत नव्हतं. पण डोळा दिसला नाही, हे तुम्ही लिहिलंत, म्हणून तुमची चार पिसं आम्ही मानली.”

काकूंनी कुलूप काढून पुस्तक पुढे केलं. “आता उघडा.”

काकांनी पान काढलं. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“दिसत नाही गं.”

“मग तसं लिहा,” काकू म्हणाल्या.