आमचा फोटो, दुसऱ्याचे ड्रम

मार्चमधला दुसरा रविवार, दुपारचे चार. हजर: आमचा ड्रमवाला, त्याची बायको, होटगीहून आलेला गिटारवाला आणि मी, तरुणपणी या बँडमध्ये गाणारी व बँडच्या याद्या ठेवणारी. गैरहजर: बासवाला, केम स्टेशनवर त्याची गाडी चुकली.

टीव्हीवर देशातल्या रॉक संगीताच्या इतिहासाचा माहितीपट होता. त्यात आम्ही येणार होतो. त्यासाठी त्या लोकांनी आमचा फोटो आणि एकुलती एक कॅसेट मागवून घेतली होती. बँड लग्नाआधीच मोडल्यामुळे ड्रमवाल्याच्या बायकोने त्याचं वाजवणं कधी ऐकलेलं नव्हतं. आज ऐकायचं म्हणून ती नवी साडी नेसून बसली होती.

असे माहितीपट मी पुष्कळ पाहिलेत. गाणं जरा रंगात आलं की खुर्चीतला कुणीतरी त्यावर बोलू लागतो. तीच महानगरं, तेच पिकल्या केसांचे गृहस्थ. कोण कुणाशी भांडलं, कोण किती प्यायचा, हे सविस्तर. वाद्यं कुठून आणली, सराव कुठे केला, हे कुणी विचारत नाही. आम्ही यंत्रमागाच्या शेडमध्ये सराव करायचो, आठवड्याच्या सुट्टीला, माग बंद असताना. ड्रमवाला तर मागाच्या खडखडाटावरच ठेका शिकला. हा इतिहास नव्हे?

निवेदक म्हणाला, छोट्या शहरांत रॉक पोचलंच नाही. त्याच वेळी आमचा फोटो दिसला. खाली अक्षरं: 'अनामिक हौशी कलाकार.' फोटोच्या मागे मी चौघांची नावं, गाव, वाद्यं, सगळं लिहून दिलं होतं. फोटो दिसत असताना मागून ड्रम वाजत होते.

"लई भारी वाजवायचा की तुमी," बायको म्हणाली.

"मी न्हाय ते. दुसऱ्याचं हाय."

"गप बसायचं की," गिटारवाला म्हणाला. "फुकटची वाहवा घालवलीस."

बायको हसली नाही. "मग तुमचं कुटं हाय?"

"अक्काला विचार. अक्काच्या वहीत सगळं असतंय."

माझ्या वहीत होतंच. 'कॅसेटची नक्कल काढणे', त्याखाली 'कॅसेट पाठवणे'. खूण फक्त दुसऱ्या ओळीवर. माहितीपटवाल्यांच्या घाईत मी पहिली ओळ ओलांडली. चूक माझी, मान्य. पण कॅसेट परत मागणाऱ्या माझ्या तीन पत्रांना साधं उत्तरही न देणं, याला चूक म्हणत नाहीत.

चौथं पत्र रजिस्टरने गेलंय. 'कॅसेट परत आणून वहिनीला ऐकवणे' या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.